शरण आलेला ससा आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे भय

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या विषादाचे जे वर्णन आले आहे, त्यात आधी शरीर बोलते आणि युक्तिवाद मागाहून येतात. गात्रे शिथिल होतात, तोंडास कोरड पडते, अंगास कंप सुटतो, गांडीव हातातून गळू लागते, उभे राहवेनासे होते. या अवस्थेतून मग कुलधर्माची, पापाची, संन्यासाची भाषा सुरू होते. ज्या वासनिक स्त्रीला वैद्यांनी स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे सांगून शस्त्रक्रियेचा दिवस नेमून दिला, तिची अवस्था याहून निराळी नसते. जिने आजवर दवाखान्यात सुईखेरीज दुसरे शस्त्र पाहिले नाही, तिला भूल, टेबल, टाके हे शब्द ऐकूनच हातापायांत बळ राहत नाही. रात्री झोप लागत नाही. लागलीच तर तीन वाजता उघडते. आणि त्यापुढे युक्तिवाद येऊ लागतात : पेरण्या आटोपू देत, मुलीचे लग्न होऊ दे, कोणी म्हणते लेप लावल्याने गाठ विरते, तेवढे पाहू.

या भयाला आणखी एक फाटा फुटतो, आणि तो श्रद्धावंतालाच अधिक छळतो. ‘इतकी वर्षे स्मरण केले, पारायणे ऐकली, स्थानवंदन केले, आणि वेळ आली तेव्हा मी थरथर कापते, मग माझी भक्ती खोटीच की काय?’ रोगाचे भय कमी पडावे म्हणून की काय, त्यावर ही अपराधाची जोड. कित्येकदा भोवतालचे लोकही अजाणता तीच जखम उकरतात. ‘तुम्ही तर उपदेशी, तुम्ही कसल्या घाबरता!’ असे म्हणणारा धीर देतो आहे असे त्याला स्वतःला वाटते.

याविषयी गीतेचा निर्णय स्पष्ट आहे. अकराव्या अध्यायात अर्जुनासमोर कोणी शत्रू नाही, रोग नाही. प्रत्यक्ष श्रीकृष्ण भगवान आहेत, आणि त्यांचेच रूप पाहून तो भयाने व्याकूळ होतो. एकाच वेळी हर्ष झाला आणि मन भयाने व्यथितही झाले असे तो स्वतः सांगतो. अर्जुनासारख्या भक्ताच्या ठिकाणी परमेश्वराच्या सन्निधानातच भय उत्पन्न होऊ शकते, तर भय हे अश्रद्धेचे लक्षण कसे ठरेल? भगवंतांनी त्या वेळी त्याला दोष दिला नाही. सौम्य रूप धारण करून भ्यालेल्या अर्जुनाला आश्वासन दिले. दुसऱ्या अध्यायात मात्र त्यांनी त्याला कठोर शब्द ऐकवले आहेत. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे भेद कळतो. भ्याला म्हणून तो रागावून घेतला गेला नाही. भयाला धर्माचे नाव देऊन कर्तव्यापासून सरकू लागला तेव्हा रागावून घेतला गेला. कापणारा हात आणि मागे फिरणारे पाऊल या दोन गोष्टी आहेत. पहिलीवर जीवाची सत्ता फार थोडी चालते. दुसरीवर चालते.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या एकांकातील सशाच्या रक्षणाची लीळा पंथीयांस सुपरिचित आहे. स्वामी वृक्षाखाली आसनस्थ असता पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. शरण आलेल्यास देता येत नाही असा स्वामींचा अभिप्राय झाला, आणि त्या निरूपणाने पारध्यांचीही हिंसेची वृत्ती पालटली. पुढे स्वामींनी मांडी उचलून सशाला मोकळे केले.

ही लीळा सांगताना आपले लक्ष बहुधा पारध्यांच्या पालटाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण रुग्णशय्येवरील साधकाने थोडा वेळ सशाकडे पाहावे. ससा काही विचार करून आला नाही. त्याला सूत्रे ठाऊक नव्हती, नाम ठाऊक नव्हते, ज्याच्या मांडीखाली आपण शिरतो तो कोण हेही ठाऊक नव्हते. त्याच्याजवळ भय होते आणि धावण्याचे बळ होते. भय त्याला ज्या दिशेने घेऊन आले ती दिशा मात्र योग्य निघाली. मांडीखाली शिरल्यावर त्याचे काळीज क्षणात स्थिर झाले असेल असे मानण्याचे कारण नाही. सशाचे काळीज तसे स्थिर होत नसते. बाहेर कुत्री भुंकत होती. आश्रय मिळाला तेव्हाही तो कापतच असणार, आणि त्या कापण्याने आश्रय उणा झाला नाही.

म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ‘भय जावे’ ही अट साधकाने स्वतःवर घालू नये. भय कोणत्या दिशेने धावते आहे एवढेच पाहावे. परमेश्वराकडे आणि त्याच्याच सृष्टीत उपलब्ध असलेल्या योग्य उपायाकडे धावत असेल, तर ते आपले काम करते आहे. भोंदूकडे, लपवण्याकडे, दिवस ढकलण्याकडे धावत असेल, तर ते वळवले पाहिजे.

लपवण्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. भारतातील स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. त्याची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही, आणि न दुखणारी गाठ म्हणजे निरुपद्रवी गाठ असा समज घरोघर आहे. त्यातही अवयव असा की त्याविषयी नवऱ्याजवळ बोलण्याची चोरी, मुलाजवळ तर नाहीच. महिनेच्या महिने लुगड्याच्या पदराआड ही गाठ वाढत राहते. ज्या पंथात सर्वज्ञांनी स्त्रियांना ज्ञानाचा व संन्यासाचा अधिकार पुरुषांच्या बरोबरीने दिला, ज्या पंथात रजोधर्मासारख्या विषयावर स्वामींनी निःसंकोच निरूपण करून, तो शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव होय, त्यात विटाळ मानण्याचे कारण नाही असे सांगितले, त्या पंथातील स्त्रीने शरीराच्या व्याधीची लाज बाळगावी हे विपरीत आहे. तपस्विनींनी आपल्या आश्रमात येणाऱ्या उपदेशी बायकांजवळ हा विषय स्वतः होऊन काढावा. महंतांपेक्षा त्यांच्या तोंडून तो अधिक लवकर कानात शिरेल.

दुसरी शंका कर्माविषयीची. पूर्वकर्माचा भोग आहे तर तो भोगूनच संपवावा. शस्त्र लावून तो चुकवू पाहणे म्हणजे कर्मरहाटीशी झगडणे नव्हे काय? ही शंका वरवर वैराग्याची दिसते. पुष्कळदा तिच्या पोटी भयच असते. तिचे समाधान असे की, भोग चुकवण्याचे सामर्थ्य कोणा वैद्यात नाही. शस्त्रक्रियेची वेदना हाही देहाचा भोगच आहे. ज्याच्या वाट्याला तो यायचा त्याच्याच वाट्याला येतो. तहान लागली असता पाणी पिणारा कर्माशी झगडत नाही. कर्मभूमीत मिळालेला मनुष्यदेह हे ज्ञानाचे व अनुसरणाचे साधन आहे, आणि साधन राखणे साधकाचे कर्तव्य आहे. अनुसरलेल्याने देहाची आसक्ती सोडावयाची असते, हेळसांड करावयाची नसते. शिवाय कोणत्या कर्माचे कोणते फळ हे ईश्वराने जाणावे; शेजाऱ्याने ते रुग्णाच्या तोंडावर सांगू नये. ‘मागच्या जन्मीचे काही असेल’ असे उशाशी बसून बोलणे ही वाचेची हिंसा होय.

शस्त्र म्हटले की अहिंसाव्रती मन दचकते, हेही समजण्यासारखे आहे. पारध्याच्या हाती शस्त्र होते तसेच वैद्याच्याही हाती आहे. पण सुश्रुतसंहितेने छेदन, भेदन, सीवन इत्यादी आठ प्रकारची शस्त्रकर्मे सांगितली ती मारण्यासाठी नव्हेत. ‘सुरी लागली की गाठ पसरते’ ही गावोगाव ऐकू येणारी समजूतही निराधार आहे. सुईने किंवा लहान छेदाने तुकडा काढून केलेल्या शास्त्रशुद्ध तपासणीवाचून रोगाचे निदान होत नाही आणि उपचाराची दिशा ठरत नाही. पसरते ते उशीर केल्याने.

आता घरातील माणसांचा प्रश्न. रोगाचे नाव उच्चारताच कोणी नवस बोलते, कोणी गंडा-दोरा आणते, कोणी अंगात येणाऱ्या बाईकडे नेऊ म्हणते. उपदेशी स्त्री एका बाजूला पंथाचा आचार आणि दुसऱ्या बाजूला रडणारी सासू यांत सापडते. सिद्धांत येथे डळमळीत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. देवतांची फळे मर्यादित व नाशवंत. परमेश्वराला अनुसरलेल्याने भयापोटी देवताभजनाकडे वळणे हा अनन्यतेचा भंग होय. मात्र सिद्धांत ठाम असणे आणि बोलणे कठोर असणे यांत अंतर आहे. सासूने आणलेला दोरा हा तिच्या मायेचा व तिच्या भयाचा दोरा आहे. ‘आई, तुमची माया मला पोहोचली, दोरा मात्र मला बांधता येणार नाही, त्याऐवजी दवाखान्यात माझ्याजवळ बसा’ असे सुनेने म्हटल्यास आचार राखला जातो आणि म्हातारीला कामही मिळते.

मग परमेश्वराजवळ तरी बरे होण्याचे मागणे मागावे काय? निष्काम भक्तीचा आदर्श मोठा आहे. परंतु सातव्या अध्यायात भगवंतांनी भजणाऱ्यांचे जे चार प्रकार सांगितले त्यांत आर्त हा आहेच, आणि ज्ञानी श्रेष्ठ असे सांगतानाही ते सर्वच उदार होत असे म्हटले आहे. आर्ताला दारातून परत पाठवलेले नाही. रडू आले तर रडावे. पुढे वृत्ती निवळली की मागणेही आपोआप बदलत जाते, असा पुष्कळ साधकांचा अनुभव आहे. ते ओढूनताणून बदलण्यात अर्थ नाही.

भयाचा मोठा भाग अज्ञानातून येतो, आणि या भागावर उपाय आहे. महदाइसा स्वामींना प्रश्न विचारीत असत. त्यांच्या जिज्ञासेचा सर्वज्ञांनी गौरवच केला. प्रश्न विचारणे म्हणजे वैद्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. संपूर्ण स्तन काढणार की गाठ व तिच्या भोवतीचा भाग? काखेतील गाठी काढणार काय? शस्त्रक्रियेस अंदाजे किती वेळ? पुढे किरणोपचार किंवा औषधे लागतील काय? हे विचारून घ्यावे. एके काळी स्तनाबरोबर छातीचा स्नायूही काढून टाकण्याची पद्धत सर्वमान्य होती. इटलीत व अमेरिकेत झालेल्या आणि १९८१ व १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले की, योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुष्यमर्यादेत उणेपणा येत नाही. प्रत्येकीला ते लागू पडत नाही; गाठ किती मोठी, कोठे, किती ठिकाणी यावर ते ठरते. पण विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आजीने ऐकलेल्या जुन्या शस्त्रक्रियेच्या कथेवरून आजच्या शस्त्रक्रियेचे चित्र मनात रंगवणे व्यर्थ आहे.

संमतिपत्र पुष्कळदा इंग्रजीत असते आणि घाईत अंगठा किंवा सही घेतली जाते. केशिराजबासांसारख्या संस्कृतज्ञ शिष्यांस आचार्य श्रीनागदेवांनी मराठीचाच आग्रह का धरला हे स्मृतिस्थळाच्या वाचकांस सांगावयास नको. संस्कृताने म्हाताऱ्याकोताऱ्या नागवल्या जातील ही त्यांची तळमळ होती. तोच न्याय येथे लावावा. ‘हे मला मराठीत सांगा’ असे नम्रपणे म्हणण्याचा प्रत्येक रुग्णाला अधिकार आहे, आणि चांगला वैद्य ते सांगतो. मुंबईच्या परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातील रुग्णाला एवढ्या दूर जाण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. आज बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालये आहेत, आणि भाषेची अडचण तेथे पुष्कळ कमी आहे. जे मुंबईस जातात त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहेच.

आता ज्या शंकेने विचारी साधकाला सर्वांत अधिक जाळले आहे तिच्याकडे वळू. ती अशी : अंतकाळी ज्याचे स्मरण तशी गती, असे आठवा अध्याय सांगतो. भुलीत तर काहीच स्मरण नाही, नाम नाही, मूर्ती नाही. त्या अवस्थेतच देह पडला तर जन्मभराची उपासना एका सुईने वाया गेली असे होणार नाही काय? वेदनेचे भय सोसता येते, मृत्यूचेही कदाचित. हे भय सोसवत नाही. काही वृद्ध साधकांनी एवढ्याचसाठी शस्त्रक्रिया नाकारलेली आहे, म्हणून या प्रश्नाकडे ‘काही होत नाही हो’ म्हणून दुर्लक्ष करणे बरे नाही.

पहिली गोष्ट, त्याच अध्यायातील पुढची वाट पाहावी. अंतकाळाविषयी सांगून भगवान थांबले नाहीत. म्हणून सर्व काळी माझे स्मरण कर आणि युद्ध कर, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अंतकाळचे स्मरण हे शेवटच्या श्वासाला साधायचे कसब असते तर ‘सर्व काळी’ म्हणण्याचे प्रयोजन उरले नसते. सर्व आयुष्याचा कल ज्या दिशेने झुकला, त्याच दिशेचे ते फळ आहे. आणि स्मरणाच्या जोडीला लगेच युद्धाचे, म्हणजे समोर आलेल्या कर्तव्याचे नाव घेतले आहे. गाठ काढवून घेण्यासाठी टेबलावर निजणे हे त्या दिवशीचे त्या साधकाचे युद्ध आहे.

दुसरी गोष्ट, मनुष्य रोज रात्री गाढ झोपेत जातो आणि तेथेही स्मरण नसते. झोपेत देह पडलेल्या भक्ताची उपासना बुडाली असे मानणे युक्तीस धरून नाही. भूल ही झोप नव्हे, तिच्याहून खोल अवस्था आहे. परंतु विस्मरणाचा दोष लागण्यासाठी जे कर्तृत्व लागते ते दोहोंतही नाही. जाणूनबुजून पाठ फिरवणे वेगळे आणि देहाच्या धर्माने डोळा मिटणे वेगळे.

तिसरी गोष्ट पुन्हा त्या सशाचीच. मांडीखाली शिरलेल्या सशाने स्वामींना धरून ठेवले नव्हते. सशाच्या पंजांत धरण्याचे बळ नसते. स्वामींनी त्याला राखले होते. स्मरण हे साधकाने परमेश्वराला धरणे आहे, आणि ते करावयाचेच. पण रक्षणाचा भार साधकाच्या पकडीवर टांगलेला असता तर मूर्च्छित, वाताने भ्रमलेले, स्मृती गेलेले असे सर्व भक्त अनाथ झाले असते. सर्वज्ञ हे नामच सांगते की, येथे जीवाचे जाणणे थांबले तरी त्याला जाणणारा थांबत नाही. गतीचा निर्णय मात्र परमेश्वराधीन आहे. तो कोणी मनुष्याने आधीच लिहून देऊ नये, शस्त्रक्रिया करविणाऱ्यासही नाही आणि नाकारणाऱ्यासही नाही.

आणि भुलीस एवढे भिण्याआधी, भूल नव्हती तेव्हा काय होते हेही आठवावे. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस येथे फ्रान्सिस बर्नी या इंग्रज लेखिकेच्या स्तनावर नेपोलियनच्या सैन्याचे शस्त्रवैद्य लारे यांनी शस्त्रक्रिया केली. ती पूर्ण शुद्धीत होती. मिळाले ते थोडेसे मद्यमिश्रित पेय. त्या यातनेचे वर्णन तिने नंतर आपल्या बहिणीला पत्राने कळवले. ती पुढे १८४० पर्यंत जगली. आपल्याकडेही सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी वेदना जाणवू नये म्हणून मद्य देण्याचे सांगितले आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे ईथरच्या साहाय्याने शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, तेव्हापासून या यातनेतून जग हळूहळू सुटत गेले. आज भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया संपेपर्यंत रुग्णाजवळून हलत नाही; श्वास, नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू यांवर त्याची नजर असते. धोका शून्य असतो असे नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या वयाला व प्रकृतीला धोका किती, हे भूलतज्ज्ञालाच आदल्या दिवशी विचारावे. जुने आजार, चालू औषधे, हलणारा दात, तंबाखूची सवय यांतील काहीही त्याच्यापासून लपवू नये. रात्री त्याने झोपेची गोळी दिली तर ती औषध म्हणून घ्यावी. तिला व्यसनाच्या पंगतीत बसवण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी ठरावीक तास पोट रिकामे ठेवावयाचे असते. भुलीत उलटी झाल्यास अन्न फुप्फुसात उतरू शकते म्हणून हा नियम आहे. श्रद्धेने कोणी आत नेताना उपहाराचा एखादा कण तोंडात घालू पाहते. तो कपाळास लावून परत ठेवावा. शुद्धीवर आल्यावर वैद्यांच्या अनुज्ञेने घ्यावा. त्याचप्रमाणे परिचारिका अंगावरील सर्व वस्तू काढून ठेवावयास सांगते. स्मरणाची गाठी हातातून निघाली म्हणजे आधार निघाला असे वाटते. आपले स्मरण मुळात नामाचे, मूर्तीचे, लीळेचे, चेष्टेचे आहे. गाठी जवळच्या माणसाच्या हाती द्यावी; बाहेर बसून त्यानेही स्मरणच करावयाचे आहे.

आदल्या रात्रीच्या स्मरणाविषयी एक व्यवहाराची गोष्ट. भ्यालेले मन नुसत्या नामावर टिकत नाही. चार वेळा नाम घेतले की पाचव्यांदा टेबल दिसते. अशा वेळी लीळास्मरण अधिक सोयीचे पडते, कारण लीळेत चालावयास वाट असते. स्वामींचे उत्तरापंथे गमन झाल्यानंतर असन्निधानाच्या दुःखात बुडालेल्या भक्तांनीही हेच केले. रिद्धपुरी म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून एकेक लीळा विचारून घेतली, आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. स्थानपोथीत कोणते स्थान कोणत्या दिशेस, दार कोणीकडे, आसन कोठे हे टिपलेले आहे. ज्याने डोमेग्राम किंवा रिद्धपूर पाहिले आहे त्याने डोळे मिटून त्या स्थानी जावे. पायरी चढावी, दंडवत घालावे, पुढच्या ओट्याकडे वळावे. मध्येच भय येईल. ते आले की जेथे थांबलो तेथून पुढे निघावे. सकाळपर्यंत सर्व स्थाने झाली नाहीत तरी चालते. आणि शस्त्रक्रियागृहात तोंडावर प्राणवायूचा मुखवटा ठेवून खोल श्वास घ्यावयास सांगतात तेव्हा त्या प्रत्येक श्वासाबरोबर एक नाम घ्यावे. चार-सहा नामांपलीकडे बहुधा जाता येत नाही.

समाचारास येणाऱ्यांनी अमक्याच्या बहिणीचे काय झाले हे सांगू नये, फार वेळ बसू नये, आणि ‘धीर धरा’ म्हणून निघून जाण्याऐवजी घरच्या गुरांना वैरण कोण घालतो हे विचारावे. पतीचे भयही ध्यानात घ्यावे. तो बाहेर बाकावर एकटा असतो आणि त्याला कोणी विचारीत नाही. अवयव गेल्याचे दुःख पुढे उसळून येते, कधी घरी गेल्यावर, आरशासमोर. ज्या अवयवाने लेकरे वाढवली त्याच्यासाठी रडणे ही देहासक्ती म्हणून हिणवण्यासारखी गोष्ट नाही. जीव देहाहून भिन्न आहे हे ज्ञान खरे; ते त्या क्षणी तिला ऐकवण्याची घाई नको.

शुद्धीवर आल्यावर काखेजवळ एक नळी व तिला जोडलेली बाटली दिसेल. साचणारे पाणी बाहेर जावे म्हणून ती असते; रोजचे माप टिपले जाते आणि स्राव पुरेसा उतरला की ती काढतात. दंडाच्या आतल्या बाजूस बधिरपणा जाणवतो, त्याने घाबरू नये. हात जखडून ठेवू नये. सांगितलेले व्यायाम हळूहळू करावेत, नाहीतर खांदा आखडतो. काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत भय पुन्हा येते. पुढे औषधे, किरणोपचार, आणि वर्षानुवर्षे तपासणीच्या फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीच्या आदल्या रात्री ते येते.

स्वामींनी ससा जन्मभर मांडीखाली ठेवून घेतला नाही. पारधी निघून गेले तेव्हा मांडी उचलली, आणि तो रानात गेला. त्याच रानात, तेथे दुसरे पारधी असतील, दुसरी कुत्री असतील. तेथेच त्याला गवत खावयाचे होते, ओढ्याचे पाणी प्यावयाचे होते. शस्त्रक्रियेहून घरी परतलेल्या वासनिकेसही पहिल्या सकाळी चूल पेटवावीशी वाटते. डाव्या हाताला जड उचलू देऊ नये, एवढे घरच्यांनी पाहावे. बाकी तिला करू द्यावे.